सगुणाआक्का आणि टाइमकीपरचा बिल्ला

आमच्या विभागाच्या स्मरणिकेसाठी ‘चळवळीतले एक तेजस्वी व्यक्तिमत्त्व’ या मथळ्याखाली मजकूर द्या, असं फर्मान मला आलं आहे. मथळा त्यांचा. तेजस्वी कोण, तेही त्यांनी यादीसकट कळवलं आहे. यादीतले निम्मे लोक गोळीबाराच्या दिवसांत गावाला गेले होते आणि उरलेल्या निम्म्यांना नेमकी त्याच आठवड्यात हगवण लागली होती. मी सगुणाआक्कावर लिहितो आहे. संपादक मंडळाला पसंत पडलं नाही तर त्यांनी हे कागद फाडून त्यात चूर्णाच्या पुड्या बांधाव्यात. आक्का माझ्या लिखाणाचं तेच करायची.

आधीच सांगतो, आक्का एकाही मोर्चाला आली नाही. आमच्या लालबागच्या चाळीतून माणसं लोटली, पोरं लोटली, मैनाबाई कोळीण मासळीची पाटी घरी ठेवून लोटली. आक्का दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून आमची मुंडकी मोजायची.

“आक्का, चल की. तू आलीस तर बायका येतील.”

“तुमचो मोर्चो किती वाजता?”

“चारला.”

“चारला माझ्या म्हाताऱ्याचा औषध असता.”

झालं. मी तिच्यावर जनतेविषयीच्या उदासीनतेचा आरोप केला. ती म्हणाली, “होय होय. परत येताना जनतेक सांग, जिन्यात पिचकाऱ्यो मारू नको.”

म्हातारा तिचा कोणी नव्हता. नवरा नव्हे, भाऊ नव्हे, गाववालाही नव्हे. त्याचं येईलच पुढे.

आक्का परळच्या एका इस्पितळात कैक वर्षं वॉर्डात आया होती. मी तिला ओळखायला लागलो तेव्हा ती नोकरीतून निघाली होती, पण वॉर्ड तिच्यातून निघाला नव्हता. माणसांची नावं तिला आवडत नसत; ती खाटेच्या नंबरावर वाढलेली. मैनाबाईला पाठीवर गळू झालं होतं म्हणून ती कायमची ‘गळू’. तिसऱ्या मजल्यावरचे भजनीबुवा ‘मूळव्याध’. मी गिरगावात फणसवाडीच्या एका छापखान्यात कंपोझिटर आणि चळवळीची पत्रकं लिहिणारा, मला रोग नव्हता. म्हणून मी ‘हँडबिल’. “हँडबिला, इकडे ये मेल्या,” ही हाक ऐकू आली की ओळखावं, काहीतरी ओझं उचलायचं आहे.

तिला वाचता येत नव्हतं. पण औषधाच्या बाटलीपुढे तिच्याइतका साक्षर माणूस मी पाहिला नाही. बूच काढून नाकाशी धरायची. बाटली उजेडाकडे करून तळाचा गाळ बघायची. बाटलीला कंपाउंडर कागदाची जी पट्टी चिकटवतो, कातरीने खाचा पाडलेली, एक खाच म्हणजे एक डोस, त्या खाचांना ती दात म्हणायची. पट्टी सुटली तर नवी कापायची, आणि त्यासाठी तिला लागायचं माझं हँडबिल. “तुझो कागद जाड असता,” हा तिने माझ्या साहित्याबद्दल काढलेला एकमेव प्रशंसोद्गार. ‘सत्तेच्या मुजोरीला मूठमाती’ हे माझं वाक्य सहा दातांचं होऊन खोकल्याच्या औषधावर चिकटलेलं मी पाहिलं आहे. ‘मूठमाती’ शेवटच्या डोसाला होती.

आणि ती कधी बसून औषध देत नसे. गुडघे दुखायचे, दिवसभर कुरकुर करायची, पण वाटी हातात आली की उभी. वॉर्डातली सिस्टर तशी द्यायची म्हणे. “बसलेल्या माणसाक घाई नसता,” ती म्हणायची, “आणि घाई नसली की लक्ष नसता.” मी या तर्कातली चूक दाखवून दिली होती. तिने मला कोपऱ्यातली बादली उचलायला लावली होती.

प्रेमळ वगैरे ती अजिबात नव्हती. हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण स्मरणिकेत शिरलेली प्रत्येक बाई प्रेमळ होते असा माझा अनुभव आहे. आक्का भांडायची, चिडवायची, दुपारी घोरायची आणि दुसऱ्याच्या घरातलं कालवण चाखून “मीठ विसारलंस” असं त्याच घरात बसून सांगायची.

आता म्हातारा. तिच्या शेजारच्या खोलीत राहायचे, त्यांना सगळे टाइमकीपर म्हणत. एका गिरणीच्या दारावर त्यांनी आयुष्यभर हजेरी घेतली. त्या गिरणीत प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असे. आत शिरलं की बिल्ला पाटीवर आपल्या खिळ्याला टांगायचा. बिल्ला टांगलेला तर माणूस हजर, खिळा रिकामा तर माणूस गैरहजर; तुम्ही समोर उभे राहून शिंकलात तरी गैरहजर. दोस्ताचा बिल्ला दुसऱ्यानेच टांगला, तर त्याला ते ‘बदली बिल्ला’ म्हणत आणि असे चोर नुसत्या बोटांवरून पकडत. असा हा माणूस निवृत्त झाला आणि दोन-तीन वर्षांत त्याचं डोकं वाळूसारखं निसटायला लागलं. जेवले की जेवलो नाही म्हणत. बायको वारून कैक वर्षं झाली, ती बाजारात गेलीय म्हणत. वाचायचे मात्र खणखणीत. वाचलेलं पाच मिनिटं टिकत नसे, एवढंच. डॉक्टरांनी वसंताला, म्हणजे त्यांच्या मुलाला सांगितलं होतं की मेंदू थकला आहे, यावर औषध नाही. हृदय मात्र सुजलं आहे, त्यावर आहे. तेव्हा एक बाटली सुरू झाली. दिवसातून दोनदा, एकेक दात.

वसंता गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, त्याची बायको-पोरं गावाला. पाळीला जाताना तो बाटली खिडकीत ठेवायचा आणि दार उघडं ठेवायचा; दुसरा दात घरी असेल तो देई. आमच्या चाळीत सगळ्यांचीच दारं उघडी. चाळीच्या प्रेमळपणाबद्दल आपल्याकडे फार लिहिलं जातं. त्या प्रेमळपणाने माणूस कसा मरायला टेकतो, ते आता वाचा.

हरताळाचा दिवस होता. गिरण्या बंद, बाजार बंद, ट्राम बंद, सगळी चाळ घरी. एरवी दुपारी आमच्या गॅलरीत टाइमकीपर आणि मांजर एवढेच असत. त्या दिवशी प्रत्येक दारात एक दयाळू माणूस बसलेला. आक्का तेवढी नव्हती. परळला बहिणीकडे गेली होती आणि रस्त्यावरच्या गडबडीत अडकून पडली होती. वसंताने सकाळी एक डोस दिला आणि तो चौकात सभेच्या फळ्या उभारायला गेला.

थोड्या वेळाने टाइमकीपर गॅलरीत आले. कोटाची बटणं लावलेली. “माझं औषध कोणी दिलं नाही,” म्हणाले. भांडून नव्हे, एखादा सज्जन माणूस विसरलेल्यांची अब्रू राखून सांगतो तसं. मैनाबाई दारातून उठली. “अगो बाय, म्हाताऱ्याला औषध नाय दिला?” तिने दिलं. तासाभराने भजनीबुवांना तेच सांगितलं. बुवांनी हरीचं नाव घेऊन दिलं.

आणि मग मी जिन्यावरून उतरत होतो, काखेत पत्रकांचा गठ्ठा. “माझं औषध कोणी दिलं नाही.” मला काय संताप आला! एवढी मोठी चाळ आणि एका वृद्ध श्रमिकाकडे बघायला कुणाला फुरसत नाही? मी गठ्ठा ठेवला, एक दात ओतून दिला, मैनाबाईच्या दाराकडे तोंड करून “लाज वाटायला पाहिजे” असं मोठ्यांदा म्हटलं आणि देशकार्याला निघून गेलो.

चारच्या सुमारास परतलो तर टाइमकीपर मोरीशी वाकून ओकत होते आणि मधेच भिंतीकडे बघून विचारत होते, “हा पिवळा रंग कोणी काढला? परवानगी घेतली होती?” भिंत पांढरी होती. वसंता चौकातून नुकताच आला होता, आक्का परळहून. एका हाताने त्यांची नाडी धरून ओठ हलवत होती. मग तिने खिडकीतली बाटली उचलली, उजेडाकडे केली.

“वसंता, सकाळी किती दात होते?”

“नवीन बाटली आक्का. सहा.”

“दोन रवले.” ती गॅलरीत आली. “कोणी कोणी दिल्यात? हात वर करा.”

सभेत हात वर करायची मला सवय आहे, ठराव कसलाही असो. त्या दिवशी माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला. मैनाबाई रडायला लागली. बुवा म्हणाले, “पण आम्ही तर मायेने...”

“माया करूक अक्कल लागता!” आक्का एवढंच बोलली. पुढे तिने मैनाबाईशी बोलणं टाकलं. माझ्याशी टाकलं नाही, कारण ओझं उचलायला माणूस हवा होता.

टॅक्सी मिळणं शक्य नव्हतं. खाली आमच्या कोपरासभेची हातांची खुर्ची होती, पाठीला झेंडा बांधलेली. टाइमकीपरना तिच्यात बसवलं, मी आणि वसंताने उचललं, आक्का बाटली घेऊन पुढे. नाक्यावर एका शिपायाने काठी आडवी घातली. “मोर्चाला बंदी आहे, ठाऊक नाही?”

“होय, मोर्चोच हा,” आक्का म्हणाली. “चार माणसांचो. अध्यक्ष ओकतत. बाजूक हो.”

शिपायाची काठी आडवीच. तेवढ्यात अध्यक्षांनी डोळे उघडले, शिपायाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “तुझा बिल्ला नंबर काय?” शिपायाने, देव त्याचं भलं करो, छातीवरचा बिल्ला पुढे करून नंबर सांगितला. “हजर,” टाइमकीपर म्हणाले आणि शांत होऊन मान टेकली. सबंध दिवसात एवढा समाधानाचा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. मी खुर्चीच्या वजनाने वाकलो होतो. आक्का मात्र वळून बघत राहिली होती.

इस्पितळात ती बाटली डॉक्टरसमोर धरून म्हणाली, “ह्या औषध. सकाळपासून चार दात गेले. दोन जावचे होते.” डॉक्टर म्हणाले, बरं झालं बाटली आणलीत. हे औषध अंगात साठत जातं, मग माणूस ओकतो, त्याला सगळं पिवळं दिसतं. आजचंच नाही, गेले कित्येक दिवस थोडं थोडं जास्त जात असणार. पाच दिवस ठेवून घेतलं. वाचले.

सहाव्या दिवशी वसंता म्हणाला, “आता ठाण्याला ठेवतो.” आमच्याकडे ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे वेगळं सांगावं लागत नाही. तो काही दुष्ट नव्हता. साचे सोडून घरी बसला तर गावाकडची चूल विझली असती. बाप असाच सोडून गेला तर कुठलातरी दयाळू माणूस त्याला मारणार होता. त्याने पत्र्याची ट्रंक काढून बापाचे कोट घड्या करून भरायला घेतले. टाइमकीपर बाजूला बसून विचारत होते, “वसंता, कुठे निघालास?”

आक्काने ट्रंकेचं झाकण पायाने लोटून बंद केलं. “एक महिनो माझ्याकडे दे.”

“आक्का, तू करशील. पण गॅलरीतल्या लोकांचं काय? हे मागत सुटणार, ते देत सुटणार.”

“तां मी बघतंय.”

तिने बघायच्या आत मी बघितलं. अपराधाने मला झोप नव्हती आणि ज्याला झोप नसते तो पत्रक काढतो. छापखान्यात उरलेल्या कागदावर मी छापलं: ‘चाळवासीयांना जळजळीत आवाहन! श्री. टाइमकीपर यांची स्मृती नष्ट झाली असल्याने त्यांच्या मागणीस बळी पडून कोणीही त्यांस औषध देऊ नये!’ खाली आणखी आठ ओळी होत्या, त्यात ‘मानवता’ दोनदा. तिन्ही मजल्यांवर खळीने चिकटवलं आणि आक्काला वाचून दाखवलं.

“म्हाताऱ्याक औषध देव नकात. इतक्याच ना?”

“हो, पण...”

“मग धा ओळी कित्याक?”

तिची टीका मी मनावर घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाइमकीपर फेऱ्या मारायला निघाले, जिन्यापाशी थांबले आणि भिंतीवरचं वाचायला लागले. मी म्हटलं ना, वाचायचे खणखणीत. ‘स्मृती नष्ट झाली असल्याने’ इथे थांबले. परत वाचलं. मग कोणाकडे न बघता खोलीत गेले आणि कोट काढून भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने विसरले. कोट घालून पुन्हा फेरीला निघाले. पुन्हा जिन्यापाशी थांबले. पुन्हा वाचलं, आणि पुन्हा तस्सेच, जणू पहिल्यांदाच, मान खाली घालून परत. एका सकाळी चार वेळा. मी समोर मशेरी लावत बसलो होतो. चौथ्या वेळी माझ्या तोंडात चव राहिली नाही.

आक्काने पत्रकं नखांनी खरवडून काढली. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

“तो इसारलो हा, हँडबिला. आंधळो नाय झालो.”

त्याच दुपारी तिने वसंताच्या खोलीतली बाटली, पुडी, डबी अशी एकूण एक चीज मासळीच्या टोपलीत भरली आणि ती माझ्या डोक्यावर देऊन नाक्यावरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांच्या टेबलावर ओळीने मांडलं: हृदयाची बाटली. झोपेची बाटली. खोकल्याची जुनी बाटली. वैद्याचा काढा. बुवांनी दिलेला अंगारा. गुडघ्याला चोळायचं तेल, ते खरखरीत कडांच्या निळ्या बाटलीत, कारण विषारी औषधाची बाटली अंधारातही हाताला बोचून कळलीच पाहिजे. पण इथे ते खोकल्याच्या बाटलीला खेटून ठेवलेलं होतं.

“ह्या सगळा एका पोटात जाता, डाक्टर.”

डॉक्टर चष्मा काढून बघत राहिले. “ही झोपेची बाटली कोणी दिली?”

“तुम्हीच.”

“कधी?”

“दिवाळीत. आणि नंतर कोणी थांबवूक सांगला नाय. आदी म्हातारो नुसतो इसरायचो. ही बाटली सुरू झाल्यापासून झोकांड्यो खाता, दिवसा पेंगता आणि मैनाबाईक आई म्हणता.”

डॉक्टर माणूस घाईचा, पण खोटा नव्हता. ती बाटली बाजूला सरकवून म्हणाले, झोपेच्या औषधाने अशा माणसाचा गोंधळ आणखी वाढतो, माझ्या लक्षात राहिलं नाही. ती बाटली कशी कमी करत बंद करायची ते त्यांनी सांगितलं, काढा, अंगारा आणि जुना खोकला बाद केला, तेल दुसऱ्या घरी ठेवायला सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा टोपलीत सहा वस्तू होत्या, पंधरवड्याने एक उरली. माझ्या अख्ख्या राजकीय आयुष्यात एवढा यशस्वी मोर्चा मी काढलेला नाही. घोषणा एकच, तीही बसक्या आवाजात: “तुम्हीच.”

बाटली आता आक्काच्या कुलपाच्या पेटीत, किल्ली तिच्या कमरेला. पण टाइमकीपर गॅलरीत हिंडायचेच. “माझं औषध कोणी दिलं नाही.” दिलं म्हणून सांगितलं तर त्यांचा चेहरा पडायचा, इतकी माणसं एकदम खोटं बोलताहेत म्हणजे काहीतरी कट आहे असं त्यांना वाटायचं. दोन दिवस जेवले नाहीत. वसंता परत ट्रंकेकडे बघायला लागला. महिन्यातले बारा दिवस उरले होते.

तेव्हा आक्का माझ्या खोलीत आली, भिंतीला टेकवलेला मोर्चाचा माझा फलक उचलला, ‘झालाच पाहिजे’ अशी अक्षरं असलेला, मागची कोरी बाजू पुढे केली आणि म्हणाली, “दोन खिळे मार.” वसंताला ट्रंकेच्या तळातून बापाने जपलेले दोन पितळी बिल्ले काढायला लावले. पाटी गेली टाइमकीपरच्या दाराशेजारी. वरचा खिळा सकाळचा, खालचा चारचा.

सकाळी ती वाटी घेऊन उभी राहिली. त्यांनी औषध घेतलं. तिने बिल्ला त्यांच्या हातात दिला. “टाइमकीपर, हजेरी लावा.”

ते उठले, कोट सारखा केला, बिल्ल्यावरचा नंबर वाचला आणि खिळ्याला टांगला. मग एक पाऊल मागे येऊन पाटीकडे बघितलं, अगदी दारावर बघत असतील तसं.

तासाभराने गॅलरीत. “माझं औषध कोणी दिलं नाही.” मैनाबाईच्या डोळ्यांत आसवं तयारच होती, पण तिला बजावून ठेवलं होतं, माझ्यामार्फत, कारण आक्का तिच्याशी बोलत नव्हती. “पाटी बघा टाइमकीपर,” ती म्हणाली. ते गेले. बिल्ला टांगलेला. त्यांनी त्याला बोट लावून बघितलं.

“हजर आहे,” म्हणाले, आणि मैनाबाईची क्षमा मागितली.

माणसांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, पाटीवर होता. दिवसातून वीसदा विचारायचे, वीसदा पाटी बघायचे, वीसदा खूश. बारा दिवसांत एकही दात जास्त गेला नाही. वसंताने ट्रंक पलंगाखाली ढकलली.

एकदा मात्र त्यांनी आक्काला चकवलं. ती पाण्याचा तांब्या घ्यायला वळली, तेवढ्यात पेटीवरचा बिल्ला उचलून टांगून आले, औषध न घेताच. वाटी रिकामी होती, पण आक्काला मोरीतून वास आला. एखादीने दुसरा डोस दिला असता. तिने नाही दिला. “पोटात गेला काय मोरीत गेला, माका ठाऊक नाय. ठाऊक नाय तर देवचा नाय, विचारूचा,” म्हणून मला दवाखान्यात पिटाळलं. कंपाउंडर म्हणाला, आज एक चुकला तर चुकू दे. परत आलो तर आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. “बदली बिल्लो, टाइमकीपर? तुमच्या दारावर?” ते इतके शरमले की स्वतःच्या हाताने स्वतःला मेमो लिहून दिला. माझ्याच हँडबिलाच्या पाठीवर. त्या दिवसापासून नियम: आधी आ करून दाखवायचा, मग बिल्ला. आक्काही आ बघेपर्यंत पेटीला पाठ करायची नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या विरोधात जाते, तीही लिहितो. पुढच्या वर्षी तिला ताप भरला, दोन दिवस शुद्ध नव्हती, आणि किल्ली कमरेला. सगळी चाळ टाइमकीपरच्या पाटीसमोर जमलेली आणि खिळे रिकामे. शेवटी वसंताने पेटीचं कुलूप फोडलं. बरी झाल्यावर तिने नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या करवून घेतल्या आणि दुसरी घेऊन मैनाबाईच्या दारात गेली. वर्षभरात बोलली नव्हती. “ए गळू, ही धर. आणि रडतंस काय, उभी रव आधी.” मैनाबाईला तिने आठवडाभर वाटी धरायला शिकवलं, माझ्या अंगावर. मी आठवडाभर साधं पाणी पिऊन आ करत होतो.

अशी वर्षं गेली. टाइमकीपर खंगत गेले, नावं गेली, मुलगा ओळखू येईनासा झाला; पाटी ओळखायचे. खाली आमचे मोर्चे, निवडणुका, फाटाफूट, पुन्हा मोर्चे.

मग मेची पहिली तारीख उजाडली. राज्य झालं. चाळीला तोरणं, नाक्यावर बँड, बायका गॅलरीतून गुलाल उधळताहेत. मिरवणूक निघणार होती आणि आमच्या पोरांचं म्हणणं पडलं, आपला तो जुना फलक पाहिजेच, ‘झालाच पाहिजे’वाला. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो, पेढ्यांचा पुडा घेऊन.

आक्का टाइमकीपरच्या खोलीत जमिनीवर बसून गुडघे चोळत होती. टाइमकीपर वेताच्या खुर्चीत.

“आक्का, फलक काढतो. मिरवणुकीपुरता.”

“हात लाव नको. चारची हजेरी जावची हा.”

“आज तरी! अगं, आपलं राज्य आलं!”

“मग राज्याक सांग, चारनंतर ये.” तिने पुड्यातला एकच पेढा घेतला आणि त्यातली चिमूट मोडून बाजूला ठेवली. शेजारी तशाच चिमटी घेतलेला आणखी एक पेढा होता.

टाइमकीपरनी कान टवकारले. “आक्का, खाली बँड कसला?”

आक्का भिंतीला धरून, कण्हत उभी राहिली. चिमूट हातात. “टाइमकीपर, ऐकलात? महाराष्ट्र झालो.”

ते बघत राहिले. “झाला? मुंबईसकट?”

“मुंबईसकट.”

म्हातारा उठला. कोटाचं वरचं बटण लावलं, डोळे भरून आले, हात जोडले. कोणाला, ते मला कळलं नाही. समोर मी होतो आणि दाराशी पाटी होती. आक्काने चिमूटभर पेढा त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी सवयीने आ करून दाखवला.

ते बसल्यावर मी हळूच विचारलं, “सकाळपासून कितीदा सांगितलंस?”

“सातदा.”

“कंटाळा नाही येत?”

“तू कितीदा खूश झालंस?”

“एकदाच.”

ती भिंतीला धरून परत खाली बसू लागली. मी फलक न घेताच निघालो. पुढे दोन आठवड्यांत ती पावसाआधीची शेवटची बोट धरून कायमची गावाला गेली. मी त्या दिवशी एका सत्कार समारंभात भाषण ऐकत होतो, ते कोणाचं होतं तेही आठवत नाही. चारची वाटी आता मैनाबाई धरते, उभी राहून.

तेव्हा शेवटचं बघणं ते त्याच दिवशीचं. मी जिन्याच्या तोंडाशी पोचलो होतो. मागून टाइमकीपरचा आवाज आला, “आक्का, खाली बँड कसला?” मी वळलो. उघड्या दारातून दिसत होतं. आक्का नुकतीच टेकली होती. तिने पेढ्याची चिमूट घेतली, दुसरा हात भिंतीला लावला आणि उभी राहिली.